काटा फुल्ल, पण चढ लागला की मोबिलिटी स्कूटर मान टाकते: काय काय तपासायचं

आधी लक्षणं

मोबिलिटी स्कूटर म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची, बसून चालवायची बॅटरीवरची गाडी. ती रात्रभर चार्जिंगला लावलेली असते. सकाळी चार्जरचा दिवा हिरवा, हँडलवरचा बॅटरीचा काटा अगदी टोकाला. घरातून झोकात निघते. पहिला चढ लागला की काटा धपकन खाली येतो, गाडी मंदावते, बीप-बीप होतं आणि जागच्या जागी थांबते. पाच-दहा मिनिटांनी चावी पुन्हा फिरवली की काटा परत वर, जणू काही झालंच नाही. मग जरा पुढे जाते आणि पुन्हा तेच.

याच्या जोडीला बहुतेक वेळा आणखी एखादी गोष्ट दिसते. पूर्वी एका चार्जिंगमध्ये दोन दिवस निघायचे, आता एक फेरी कशीबशी होते. चार्जर आठ-दहा तास घ्यायचा, तो हल्ली तासाभरातच हिरवा होतो. किंवा याच्या उलट, सकाळ झाली तरी दिवा नारिंगीच.

तुमच्या स्कूटरचं दुखणं हेच असेल तर पुढे वाचा. दिवेच लागत नसतील, किंवा दिवे लागतात पण चाक जागचं हलत नाही, तर तो आजार वेगळा. तिथे आधी तीन गोष्टी बघा: ढकलण्यासाठीचा खटका, म्हणजे फ्रीव्हील लिव्हर, ‘ढकला’च्या बाजूला राहिलाय का, चार्जरचा प्लग अजून खोचलेला आहे का (चार्जर लावलेला असताना गाडी चालू नये अशी सोय बहुतेक स्कूटरमध्ये असते), आणि चावी फिरवताना अंगठ्याखालचा वेगाचा लिव्हर चुकून दाबला जातोय का. एवढ्यानेच निम्म्या गाड्या चालू होतात.

आईची स्कूटर मी गेली काही वर्षं सांभाळते. ते बघून ओळखीतल्यांच्याही येऊ लागल्या, आणि त्यातल्या बहुतेक चढावर मान टाकणाऱ्याच. त्यामुळे खालचा क्रम पुस्तकातला नाही, माझे पैसे आणि वेळ वाया जाऊन ठरलेला आहे.

काटा खोटं का बोलतो

हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं आहे. बहुतेक मोबिलिटी स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन सीलबंद शिसे-आम्ल बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. काटा मोजतो तो फक्त व्होल्टेज. बॅटरीत किती माल शिल्लक आहे हे त्याला कळत नाही. थकलेली बॅटरी बसून राहिली की तिचं व्होल्टेज सावरतं आणि काटा खुशाल वर जातो.

सपाट रस्त्यावर मोटर थोडाच करंट ओढते, चढावर तोच ३०-४० अँपियरपर्यंत जाऊ शकतो. आता वाटेतल्या एखाद्या जोडणीत ०.०५ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आहे असं धरा. ४० अँपियरला तिथे २ व्होल्ट जातात आणि त्यांची ८० वॅट उष्णता होते. एवढ्या उष्णतेत प्लॅस्टिकचा कनेक्टर मऊ पडतो. बॅटरीच्या पोटातला अडथळा वाढला तरी हाच हिशेब. मोटरपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही, कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, वाटतं बॅटरी संपली, आणि तो गाडी बंद करतो.

म्हणजे दोष बॅटरीत असेल, चार्जिंगमध्ये असेल किंवा मधल्या वायरीत; वरून लक्षण एकच दिसतं. म्हणून थेट नव्या बॅटऱ्या आणायला धावू नका. मी धावले होते. दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या, आणि तिसऱ्या दिवशी आई त्याच चढावर तशीच अडकली. दोष निघाला एका सैल बोल्टमध्ये.

पहिली तपासणी: चार्जिंग खरंच होतंय का

खर्च शून्य. चार्जर कधी लावला जातो आणि कधी काढला जातो, हे दोन-तीन दिवस नुसतं बघा. विचारू नका, बघा. विचारलं की प्रत्येक जण ‘रोज रात्रभर लावतो’ असंच सांगतो.

एका आजींच्या घरी दिवा बंद करताना भिंतीवरचं चार्जरचं बटणही रोज बंद होत होतं, कारण दोन्ही बटणं एकाच बोर्डावर होती. आमच्याकडे कारण वेगळं निघालं. आई दोन तास झाले की प्लग काढायची. ‘जास्त चार्ज केली की बॅटरी खराब होते, मोबाइलची नाही का होत?’ मोबाइल ऐंशी टक्क्यांवर काढावा हा सल्ला लिथियम बॅटरीचा आहे. शिसे-आम्ल बॅटरीला तो मारक ठरतो. तिला पोटभर चार्जिंग लागतं, आणि शेवटचा थोडा भाग भरायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. अर्धवट भरून ठेवली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात. ते पुन्हा विरघळत नाहीत आणि तेवढी बॅटरी कायमची बाद होते.

तेव्हा सलग तीन रात्री, दिवा हिरवा झाल्यावरही सकाळपर्यंत चार्जर लावून ठेवा. स्कूटरसोबत आलेला चार्जर स्वतःच करंट कमी करतो, काळजी नको. फार जुनं दुखणं नसेल तर एवढ्यावरही अंतर वाढलेलं दिसतं. नाही वाढलं तर पुढे.

दुसरी: गाडी जड का चालतेय

हवेचे टायर असतील तर टायरवर छापलेला आकडा बघून तेवढी हवा भरा. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, छोटे टायर अर्धे रिकामे असले तरी घट्ट लागतात. हवा कमी म्हणजे प्रत्येक चढ आणखी उभा.

मग गाडी सपाट जागेवर, बंद करून, फ्रीव्हीलला टाकून ढकला. एका हाताने सहज सरकली पाहिजे. जड जात असेल तर चाकांच्या आसांपाशी बघा. केस, दोरे, शालीची झालर असं काय काय गुंडाळलेलं सापडतं. पुढच्या डब्यात किती वजन साठलंय तेही बघून घ्या. पाण्याच्या बाटल्या, छत्री, जुनी मासिकं. एका काकांच्या डब्यात आख्खा हातोडा होता, ‘कुत्र्यांसाठी’.

फ्रीव्हीलबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो खटका ओढला की ब्रेक सुटतो. या गाड्यांचा मुख्य ब्रेक वीज नसताना लागलेला आणि वीज मिळाली की सुटणारा असतो. त्यामुळे उतारावर, आणि माणूस बसलेला असताना तर कधीच, खटक्याला हात लावायचा नाही.

तिसरी: डोळ्यांनी आणि हाताने

इथे सीट काढून बॅटरीचं झाकण उघडायचं आहे. त्याआधी चावी बंद, चार्जर काढलेला, हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ बाजूला. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर क्षणात लाल होतो आणि चिकटून बसतो. मी पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळूनच ठेवली आहे. उघडल्याबरोबर आतल्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर तोच तुम्हाला वाचवेल.

आता बॅटऱ्यांकडे नीट बघा. कुठलीही बाजू फुगलेली दिसली, ओल दिसली, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर झाकण न लावता तसंच सोडा, जागा हवेशीर ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलवा. फुगलेली बॅटरी ओढून काढायचा प्रयत्न करू नका आणि तिला चार्जर तर लावूच नका.

सगळं ठीक असेल तर मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती करा. स्कूटर पाच-दहा मिनिटं, शक्य असेल तर चढावरून, चालवून आणा. लगेच चावी बंद करून झाकण उघडा आणि प्रत्येक जोडणीपाशी हाताची मागची बाजू न्या, धातूला न टेकवता. बॅटरीची दोन्ही टोकं, दोघींना जोडणारी आखूड वायर, मोठा प्लग, फ्यूजचं घर. सगळ्या थंड आणि एकच ऊन लागली तर चोर सापडला. आईच्या गाडीत ती आखूड वायर होती. तिच्या टोकाचा बोल्ट वरून घट्ट वाटायचा, पण वायर धरून हलवली की तांब्याची कडी नखाएवढी फिरायची. कडीच्या पोटाला निळसर हिरवी भुकटी आणि एका बाजूला करपल्याचा तपकिरी डाग. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, बोल्ट बसवला, काम झालं. दहा मिनिटांचं काम, आणि मी त्यासाठी दोन बॅटऱ्या विकत घेतल्या होत्या.

साफ करताना आधी एक टोक पूर्ण सोडवा, मग दुसऱ्याला हात लावा. घट्ट बसवताना जोर बेताचा. टोकं बऱ्याचदा शिशाची असतात, आटे लगेच जातात. कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर साफसफाईने भागत नाही, तो बदलावाच लागतो.

इथेच कुठेतरी दाबायचं एक छोटं बटण असतं, सर्किट ब्रेकरचं. चढावर करंट वाढला की ते उडतं आणि गाडी एकदम ठप्प होते, कुरकुर न करता. थोडं थंड होऊ द्या आणि आत दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर ते सांगतंय ते ऐका. जास्त अँपियरचा ब्रेकर किंवा फ्यूज घालणं, तार जोडून त्याला वळसा घालणं, हे आग लावायचे उद्योग आहेत.

चौथी: चार्जर

आता एक साधा मल्टिमीटर लागेल. डीसी व्होल्टवर ठेवा.

पुष्कळ जण चार्जरच्या टोकाला पिना लावतात, शून्य बघतात आणि चार्जर फेकून देतात. थांबा. बरेच चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाहीत, त्यामुळे मोकळ्या प्लगवरचा शून्य काहीच सिद्ध करत नाही. बरोबर पद्धत अशी: आधी चार्जर न लावता दोन्ही बॅटऱ्यांचं मिळून व्होल्टेज मोजा, समजा २५. चार्जर लावा, सुरू करा, पुन्हा तिथेच मोजा. आकडा लगेच वर सरकायला लागला पाहिजे, आणि काही तासांत २८-२९ च्या आसपास गेला पाहिजे. भरल्यावर तो २७ च्या थोडं वर येऊन स्थिरावतो.

आकडा हललाच नाही तर चार्जर, त्याची वायर, गाडीवरचं चार्जिंगचं भोक किंवा तिथला फ्यूज यांपैकी काहीतरी गेलंय. भोकातली एखादी पिन आत गेलेली असणं हे नेहमीचं. शक्य असेल तर तसाच दुसरा चार्जर उसना आणून बघा, पण तो त्याच व्होल्टेजचा आणि त्याच जातीच्या बॅटरीचा हवा. लिथियम बॅटरीच्या स्कूटरला शिसे-आम्लाचा चार्जर लावायचा नाही, प्लग बसला तरीही.

चार्जर उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो.

पाचवी: प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा

इथपर्यंत आलात आणि दोष सापडला नाही, तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. रात्रभर चार्ज करा, सकाळी चार्जर काढा आणि काही तास गाडी तशीच राहू द्या. चार्जिंगनंतर लगेच मोजलं की वरवरचा फुगवटा मोजला जातो.

मग दोन्ही बॅटऱ्या एकेक करून मोजा. चांगली भरलेली सीलबंद बॅटरी १२.७ ते १२.९ दाखवते. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धीच भरलेली. रात्रभर चार्ज होऊनही एक बॅटरी साडेदहाच्या आसपासच असेल, तर तिच्यातला एक कप्पा मेलाय: सहा कप्पे असतात, भरलेला प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. अशा वेळी चार्जरही गोंधळतो, दिवा हिरवा होतच नाही आणि बाकीच्या बॅटरीवर जादा भार येऊन ती तापते. चार्जिंग ताबडतोब थांबवा.

दोन्ही १२.८ दाखवत असतील तरी हुरळून जाऊ नका. बसलेल्या बॅटरीचा आकडा म्हणजे बसलेल्या माणसाची नाडी, चढावर काय होईल ते त्यातून कळत नाही. गाडी मान टाकेपर्यंत चालवा, म्हणजे घराजवळच्या चढावर, कुणी सोबत असताना. बंद पडली की तिथेच, सावरायला वेळ न देता, दोन्ही मोजा. एक १२.३ आणि दुसरी ११.४ असा फरक दिसला की दोषी कोण ते उघड आहे.

तासाभरात हिरवा होणारा चार्जर हीच गोष्ट दुसऱ्या तोंडाने सांगत असतो. गाडी दमेपर्यंत चालवली आणि तरी चार्जिंग लगेच संपलं, याचा अर्थ बॅटरीचं पोटच लहान झालंय. तांब्यात घागर मावत नाही.

अजून खात्री हवी असेल तर बॅटऱ्या काढून बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टरवर, म्हणजे भार टाकून बॅटरी तपासायच्या यंत्रावर, घ्या. त्याला अँपियर-तासाचा आकडा (बॅटरीवर Ah म्हणून छापलेला, तिच्यात किती माल मावतो तो) आधी सांगा. मोटारीच्या बॅटरीसाठीचा टेस्टर शंभर अँपियर ओढतो, १२ अँपियर-तासाची छोटी चांगली बॅटरीही त्याच्यापुढे नापास होते.

बदलायच्या ठरल्या तर

दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी जोडली की जुनी आधी रिकामी होते, नवी तिला ओढत राहते, आणि काही महिन्यांत दोघी जातात. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण एकदा एकच बदलून बघतो.

दुकानात सारख्याच आकाराच्या, सारख्याच आकड्याच्या, स्वस्त बॅटऱ्या पुढे केल्या जातील. त्या बऱ्याचदा यूपीएससाठीच्या असतात, वर्षभर भरलेल्या राहून कधीतरी दहा मिनिटं चालायला बनवलेल्या. तुम्हाला रोज खाली जाऊन वर येणारी, डीप सायकल लिहिलेली, एजीएम किंवा जेल प्रकारची (दोन्ही सीलबंद शिसे-आम्लाचेच प्रकार) हवी. मोटार सुरू करायची बॅटरी इथे अजिबात चालत नाही.

बसवताना मघाचा फोटो समोर ठेवा. उलट जोडणी झाली तर कंट्रोलर एका ठिणगीत जातो, आणि तो बॅटऱ्यांपेक्षा महाग. आधी रात्रभर चार्जिंग, मग पहिली फेरी. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका, शिसं आहे त्यात. बॅटरीवाला परत घेतो.

इथे थांबा

बॅटऱ्या चांगल्या, चार्जर चांगला, जोडण्या थंड, आणि तरी चढावर दम तुटतो, तर उरतात मोटर, तिचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे), ब्रेक आणि कंट्रोलर. यातलं काहीही घरी उघडायचं नाही. ब्रश झिजले की गाडी झटके देत चालते, कधी मोटरवर टिचकी मारली की सुरू होते. ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर मोटरपाशी जळकट वास येतो आणि मागची बाजू तापते. दोन्ही ओळखता येतात म्हणून दुरुस्तही करता येतील असं नाही. ब्रेक चुकीचा बसला तर गाडी सपाटीवर छान चालेल आणि उतारावर माणसाला घेऊन जाईल.

जळका वास, धूर, आपोआप हलणारी गाडी, लिव्हर सोडल्यावरही न थांबणारी गाडी: यातलं एकही दिसलं की त्या दिवसापासून गाडीवर कुणीही बसायचं नाही. लिथियम बॅटरी असेल तर तिचं खोकं उघडायचंच नाही, तपासणी चार्जरपाशी संपली. आणि स्कूटर वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याआधी फोन करा.

तंत्रज्ञाला ‘बॅटरी लवकर उतरते’ एवढंच सांगितलं तर तो नव्या बॅटऱ्या घेऊनच येईल. त्याला आकडे सांगा: बसलेल्या असतानाचं दोघींचं व्होल्टेज, बंद पडल्यावरचं, चार्जिंग किती तासांत संपतं, ब्रेकर उडतो का. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक बनावटीचे संकेत निराळे, पण पुस्तिका जवळ असेल तर तुम्हीच अर्थ लावू शकाल.

नवी घेणार असाल तर

हा त्रास निम्मा खरेदीच्या दिवशीच ठरलेला असतो. माहितीपत्रकातलं अंतर सपाट रस्ता, नवी बॅटरी आणि हलका माणूस धरून दिलेलं असतं. मी त्याच्या निम्मंच धरते. तुमच्या वाटेवर चढ असतील तर सुटी करून गाडीत टाकायची चिमुकली स्कूटर नको. तिच्या १२ अँपियर-तासाच्या बॅटऱ्या रोज तळाला जातील आणि लवकर मरतील. वजन पेलण्याची मर्यादा बसणाऱ्याच्या वजनापेक्षा बरीच वर हवी, पिशव्या धरून. तीन चाकी घरात छान वळते, पण तिरक्या रस्त्यावर चार चाकीच.

आणि दुकानात विचारा, बॅटरी कोण उचलणार? चार्जिंगची जागा स्कूटरपासून लांब असेल तर बॅटरीचं खोकं रोज काढून आत न्यावं लागतं. आईने पहिल्या स्कूटरचं खोकं चार दिवस उचललं, पाचव्या दिवशी दरवाज्यात ठेवून दिलं. चार्जिंग चुकलं की पुढे काय होतं ते तुम्ही वर वाचलंच आहे.